क्लच दाबला की खडखड थांबते, मग बिघाड नक्की कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. १५० सीसीच्या आसपासची एक सिलिंडरची मोटरसायकल, ४०,००० किलोमीटर झालेली. इंजिन चांगलं गरम झालं की उभ्या गाडीत, न्यूट्रलला, उजव्या बाजूने खडखड येते. क्लच दाबला की ती जवळजवळ बंद होते, सोडला की परत सुरू. एका मेकॅनिकने क्लच प्लेट बदला म्हणून सांगितलं, दुसऱ्याने क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य दांड्याचं) बेअरिंग गेलंय, पूर्ण इंजिन खोलावं लागेल असं सांगितलं. सोबत रेकॉर्डिंग आहे आणि दोघांपैकी कोणाचं ऐकू, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते आत्ता कोणाचंच ऐकू नका. तुम्ही लिहिलेल्या लक्षणात दोघांच्याही निदानाला फारसा आधार नाही. का ते सांगतो.

आधी रेकॉर्डिंगबद्दल. फोन आवाज टिपताना हलका आवाज आपोआप वर उचलतो आणि मोठा दाबतो. त्यामुळे टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची) साधी टिकटिकसुद्धा रेकॉर्डिंगमध्ये धडकी भरवते. आवाज किती मोठा आहे हे मी रेकॉर्डिंगवरून कधीच ठरवत नाही. त्याचा ठेका मात्र कळतो, आणि तो पुढे कामाला येणार आहे.

‘उजव्या बाजूने येतो’ यालाही मी मर्यादितच किंमत देतो. क्लच कव्हर मोठं, सपाट आणि पातळ असतं. आत दुसरीकडे कुठेही तयार झालेला आवाज केसिंगमधून प्रवास करून त्या कव्हरवरून बाहेर पडू शकतो. लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ऐकण्याची पद्धत चांगली आहे, मीही वापरतो, पण तिच्यावरून जागेचा अंदाज येतो, भागाचं नाव कळत नाही. त्यासाठी मी वेगळंच विचारतो: आवाज येतो तेव्हा आत काय फिरत असतं आणि आवाज थांबतो तेव्हा त्यातलं काय थांबलेलं असतं?

यासाठी रचना डोळ्यांसमोर हवी. क्रँकच्या टोकाला लहान प्रायमरी गिअर असतो. तो क्लच हाउसिंगच्या पाठीवरचा मोठा गिअर फिरवतो. हा मोठा गिअर हाउसिंगला थेट घट्ट जोडलेला नसतो. दोघांच्या मध्ये आखूड, जाड स्प्रिंगा किंवा रबर असतात, आणि मागून पत्रा रिव्हेटने ठोकलेला असतो. इंजिनाच्या प्रत्येक स्फोटाचा झटका त्या स्प्रिंगांनी गिळायचा, अशी योजना. हाउसिंग स्वतः गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर बुशवर (धातूच्या गुळगुळीत नळीवर) किंवा निडल बेअरिंगवर मोकळं फिरतं. हाउसिंगच्या खाचांमध्ये फ्रिक्शन प्लेटचे कान बसतात, स्टील प्लेट आतल्या हबच्या दातांवर बसतात, आणि हब शाफ्टला नटने पक्का केलेला असतो. प्रेशर प्लेट स्प्रिंगच्या जोराने सगळ्या प्लेट एकत्र दाबून ठेवते.

आता तीन स्थिती घ्या.

न्यूट्रलला क्लच सोडलेला असतो तेव्हा हाउसिंग, हब आणि इनपुट शाफ्ट हे सगळं एकाच वेगाने फिरतं. गिअरबॉक्सचे त्या शाफ्टवरचे बेअरिंग आणि कायम जुळलेले गिअरही सोबत फिरतात. हाउसिंगखालच्या बुशला मात्र इथे काहीच काम नसतं, कारण बुशच्या आतलं आणि बाहेरचं दोन्ही बरोबरच फिरतंय.

न्यूट्रलला क्लच दाबला की हाउसिंग फिरत राहतं, पण प्लेट सुटतात. हब ऑइलच्या ओढीने थोडाफार फिरतो, तरी इंजिनाचे झटके गिअरबॉक्सपर्यंत पोचत नाहीत. प्रेशर प्लेट ढकलून प्लेट सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगवर स्प्रिंगांचा भार येतो आणि ते फिरतही असतं. म्हणून फक्त याच स्थितीत घरघर किंवा चिरचिर आली तर पहिला संशय रिलीज बेअरिंगवर.

तिसरी स्थिती तपासायचं बहुतेक जण विसरतात. गाडी पहिल्या गिअरमध्ये, क्लच पूर्ण दाबलेला, ब्रेक धरून चाक पूर्ण थांबलेलं. आता हब चाकाशी जोडला गेल्यामुळे स्थिर आहे आणि हाउसिंग त्या थांबलेल्या शाफ्टवर पूर्ण वेगाने फिरतंय. हाउसिंगच्या बुशची आणि थ्रस्ट वॉशरची (हाउसिंगला आत-बाहेर सरकू न देणाऱ्या चकत्यांची) खरी परीक्षा इथेच होते. शिवाय बहुतेक रचनांमध्ये प्रेशर प्लेट हबबरोबर थांबलेली असल्याने रिलीज बेअरिंगवर भार असूनही ते फिरत नाही. म्हणजे न्यूट्रलला दाबल्यावर येणारा आवाज गिअर टाकताच थांबला तर रिलीज बेअरिंग, आणि गिअर टाकल्यावर उलट वाढला तर हाउसिंगचं बुश. ही चाचणी डबल स्टँडवर चाक उचलून करू नका. ऑइलच्या ओढीने चाक फिरतं, हबही फिरतो आणि सगळा हिशोब बिघडतो. चाक जमिनीवर, समोर मोकळी जागा आणि पुढचा ब्रेक घट्ट धरलेला हवा.

आता तुमचं लक्षण यात बसवून पाहू. क्लच सोडलेला असताना आवाज आहे, दाबला की जातो. क्रँकच्या बेअरिंगला किंवा कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला क्लच दाबला काय किंवा सोडला काय, फरक पडायचं कारण नाही. क्रँक दोन्ही वेळा तितकाच फिरतो आणि स्फोटही तितकेच होतात. क्लच दाबल्यावर इंजिनावरची ओढ कमी होऊन आरपीएम किंचित बदलतो, त्यामुळे आवाजाचा पोत जरा बदलेल, पण ‘जवळजवळ बंद’ होणार नाही. टॅपेट आणि टायमिंग चेनलाही हाच न्याय. म्हणून इंजिन पूर्ण खोलायचा सल्ला मी बाजूला ठेवतो.

क्लच प्लेटचंही तसंच. झिजलेल्या फ्रिक्शन प्लेट सहसा आवाज करत नाहीत, त्या घसरतात. रेस वाढते, गाडी त्या मानाने पुढे जात नाही, चढावर आणि वरच्या गिअरमध्ये हे आधी जाणवतं. प्लेटचा आवाज येतो तो दोन प्रसंगी. एक, गाडी उचलताना थरथर होऊन घुर्र असा आवाज येतो, तेव्हा प्लेट वाकलेल्या किंवा चकाकलेल्या असू शकतात, किंवा जिथे थरथर रोखणारी जादा स्प्रिंग असते तिथे ती उलटी बसवलेली असू शकते. दुसरा, हाउसिंगच्या बोटांना (प्लेटचे कान ज्यांच्या मध्ये बसतात त्या पट्ट्यांना) खाचा पडल्या असतील तर सुटलेल्या प्लेटचे कान त्यात वाजतात, पण ते क्लच दाबल्यावर. तुमचं नेमकं उलटं आहे. नुसती खडखड ऐकून क्लच प्लेटचा सेट बदलणं हा या दुरुस्तीतला सगळ्यात नेहमीचा वाया जाणारा खर्च आहे.

मग उरतं काय? दोन शक्यता. पहिली गिअरबॉक्सकडची: न्यूट्रलला मोकळे फिरणारे गिअर एकमेकांच्या दातांतल्या मोकळ्या जागेत वाजतात, किंवा इनपुट शाफ्टचं बेअरिंग खरखरतंय. दुसरी प्रायमरीकडची: हाउसिंगच्या पाठीवरच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्यात, रिव्हेट सैल झालेत, किंवा प्रायमरी गिअरच्या दातांमधला प्ले, म्हणजे मोकळी जागा, वाढलाय. क्लच सोडलेला असताना हाउसिंगच्या मागे हब, शाफ्ट आणि गिअर यांचं वजन जोडलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक झटक्याला गिअर पुढे-मागे आपटतो. क्लच दाबला की ते वजन सुटतं आणि खडखड मवाळ होते. लक्षण एकच, कारणं दोन. इथे फक्त ऐकून ठामपणे सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

दोन्ही वेगळं करायला आयडलिंगचा स्क्रू थोडा फिरवा आणि आरपीएम दोन-तीनशेने वाढवा. खडखड विरली तर ती प्लेमधून येणारी आहे. आरपीएम वाढला की झटके जवळजवळ येतात, फिरणं गुळगुळीत होतं आणि गिअरच्या दातांना मागे-पुढे व्हायला वेळच मिळत नाही. बेअरिंगचा आवाज असं करत नाही. तो आरपीएमबरोबर चढत जातो आणि त्याचा सूरही वर जातो. मग गाडी चालवून पाहा. वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने जाताना अॅक्सिलरेटर हलकेच दिला-सोडला आणि खालून खडखड, कडकड आली तर हाउसिंगच्या स्प्रिंगांवरचा संशय पक्का होत जातो. भार देऊन चालवताना सगळ्या गिअरमध्ये एकसारखी घुंईई येत असेल आणि ती गाडीच्या वेगाऐवजी इंजिनाच्या आरपीएमला बांधलेली असेल, तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग किंवा प्रायमरी गिअरचे दात बघावे लागतील. आवाज एखाद्याच गिअरमध्ये येत असेल तर तो त्या गिअरच्या जोडीचा. आणि क्लच दाबून गाडी नुसती घरंगळतानाही, वेगाबरोबर वाढणारा आवाज येत असेल तर तो मागच्या चेन-स्प्रॉकेटचा, चाकाच्या बेअरिंगचा किंवा टायरचा असतो. त्याचा इथे संबंध नाही.

ठेक्याचं गणित आता. इंजिन १,२०० आरपीएमला असेल तर क्रँक सेकंदाला २० फेरे मारतो. फोर स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक स्फोट, म्हणजे सायलेन्सरचे ठोके सेकंदाला १०. टॅपेटही याच ठेक्यावर वाजतात. लहान इंजिनांत प्रायमरीचं गुणोत्तर साधारण ३ च्या आसपास असतं, म्हणजे क्लच हाउसिंग सेकंदाला सहा-सात फेरे मारतं. आवाज सायलेन्सरच्या ठोक्यापेक्षा स्पष्टपणे संथ असेल तर तो हाउसिंगच्या फेऱ्याला बांधलेला आहे: एखादा तुटका दात, एकच मोडलेली स्प्रिंग, किंवा बुश झिजून एका बाजूला झुकलेलं हाउसिंग. सायलेन्सरच्या ठोक्याबरोबर येत असेल तर टॅपेट किंवा झटक्यागणिक वाजणारा प्ले, आणि यांतला फरक क्लच दाबून कळतो. कानाने मोजणं अवघड आहे, पण रेकॉर्डिंग वेग कमी करून ऐकलं तर सहज जमतं. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये मला खडखड सायलेन्सरच्या ठोक्याबरोबरच ऐकू येतेय. त्यामुळे माझा कल मोडक्या दाताकडे नाही, प्लेकडे आहे.

गरम झाल्यावरच का, याचंही उत्तर यातच आहे. गरम ऑइल पातळ होतं आणि दातांमधली उशी कमी होते. शिवाय अल्युमिनियम स्टीलच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं. केसिंग फुगलं की क्रँक आणि शाफ्टमधलं अंतर किंचित वाढतं आणि दातांचा प्लेही वाढतो. म्हणजे गरम इंजिनावर थोडी खडखड वाढणं हे आपोआप बिघाडाचं लक्षण ठरत नाही.

कव्हर खोलायच्या आधी तीन स्वस्त गोष्टी करा. आयडलिंग मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा. फार खाली ठेवलेलं किंवा चढउतार करणारं आयडलिंग धडधाकट प्रायमरीलाही वाजवतं. दोन किंवा चार सिलिंडरच्या कार्ब्युरेटर असलेल्या गाड्यांत तर कार्ब्युरेटर एकसारखे जुळवल्याशिवाय क्लचला हात लावायचाच नाही, असा माझा शिरस्ता आहे. एक सिलिंडर जोरात आणि दुसरा मंद ओढत असेल तर क्रँक धडपडत फिरतो आणि त्याचा सगळा राग हाउसिंगवर निघतो. तुमची गाडी एकच सिलिंडरची असल्याने तुम्हाला फक्त आयडलिंग आणि मिश्रण बघायचंय. दुसरं, ऑइल: पातळी, वय आणि ग्रेड. ओल्या, म्हणजे ऑइलमध्ये चालणाऱ्या, क्लचच्या मोटरसायकलला जासोच्या (जपानी मानकाच्या) एमए किंवा एमए२ दर्जाचं ऑइल लागतं. एमबी दर्जा कमी घर्षणाचा आहे, तो अशा क्लचसाठी नाही. तिसरं, क्लच केबलचा मोकळा प्ले. लिव्हरच्या टोकाला बहुतेक गाड्यांत तो १० ते २० मिलिमीटर सांगितलेला असतो. प्ले शून्य असेल तर रिलीज बेअरिंगवर कायम भार राहतो आणि प्लेटही पूर्ण दाबल्या जात नाहीत. या तिन्हींनंतर खडखड निम्म्याने कमी झाली आणि पुढे वाढली नाही, तर मी स्वतः कव्हर उघडणार नाही.

खोलायची वेळ आलीच तर ऑइल काढतानाच निदान अर्धं होतं. स्वच्छ भांड्यात काढा आणि चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटणारे कण स्टीलचे: गिअर, बेअरिंग किंवा मोडलेली स्प्रिंग. न चिकटणारी चंदेरी चमक अल्युमिनियमची: हाउसिंगची बोटं किंवा कव्हरला काहीतरी घासतंय. पिवळसर कण बुशचे. ड्रेन बोल्टला लागलेला बारीक काळा लगदा थोडा असेल तर काळजी नको.

कव्हर निघाल्यावर लगेच नट सोडायला घेऊ नका. सगळं जागेवर असताना हाताने तपासायचं असतं, एकदा खोललं की ती संधी गेली. क्रँक फिरू न देता हाउसिंग पुढे-मागे हलवा. दातांमधला प्ले हाताला कळतो. हाउसिंगच्या पाठीवरचा मोठा गिअर धरून हाउसिंग पिळा: स्प्रिंगचा विरोध लगेच जाणवला पाहिजे. आधी काहीच विरोध न येता हाउसिंग थोडं मोकळं फिरलं आणि मग स्प्रिंगला लागलं, तर स्प्रिंगा बसलेल्या आहेत, आणि तुमच्या लक्षणाचं कारण बहुधा तेच. हाउसिंग वर-खाली डुलवा. जास्त डुललं तर बुश. आत-बाहेर ओढा, थ्रस्ट वॉशर कळतात. क्रँकवरच्या प्रायमरी गिअरचा नट सैल नाही ना, हेही याच वेळी बघा. तो सैल असेल तर कानाला मोठं इंजिन काम निघाल्यासारखा ठोका येतो, आणि खर्च मात्र एका लॉक वॉशरचा.

मग क्लच खोला. हाउसिंगच्या बोटांवर नख फिरवून खाचा बघा. हलक्या खाचा कानशीने साफ करतात, खोल असतील तर सगळ्या बोटांवर सारखा भार येत नाही आणि हाउसिंग बदलणंच शहाणपणाचं. प्लेटची जाडी, स्टील प्लेटचा वाक, स्प्रिंगची लांबी मोजून तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलशी ताडून पाहा. दुसऱ्या गाडीचे आकडे इथे चालत नाहीत. काही इंजिनांत प्रायमरी गिअरच्या जोडीवर अक्षरांच्या किंवा रंगाच्या खुणा असतात, कारण दातांचा प्ले जोडी निवडून साधलेला असतो. तिथे एकच गिअर बदलला तर खडखड जाऊन नवी घुंईई पदरात पडू शकते. हबचा आणि क्रँकचा नट सोडायला योग्य होल्डिंग टूल वापरा. गिअरच्या दातांत पाना अडकवून नट सोडण्याचे उद्योग मी पाहिलेत. दाताचा टवका उडतो आणि तो आवाज जन्मभर सोबत राहतो. काही इंजिनांत नटाला उलटे आटे असतात, तेही आधी बघून घ्या.

कव्हर उघडंच असताना आजूबाजूचे संशयितही बघून घ्या. ऑइल पंपाचा गिअर, किकचा आयडल गिअर, आणि बॅलन्सर असेल तर त्याचा गिअर, हे बऱ्याच इंजिनांत याच परिसरात असतात आणि क्लचच्या नावावर वाजतात. सेल्फ स्टार्टचा वन-वे क्लच बहुधा मॅग्नेटच्या बाजूला असतो. इंजिन सुरू किंवा बंद करतानाच खणखण होत असेल तर तिकडे पाहा.

हे सगळं गिअरच्या प्रायमरीबद्दल झालं. जुन्या बुलेटसारख्या गाड्यांत प्रायमरी चेन असते आणि तिथे पहिली तपासणी चेनच्या ढिलाईची. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून इंजिन थोडंथोडं फिरवत सगळ्यात ताठ जागा शोधायची आणि तिथे माप घ्यायचं. ढिल्या जागेवर ताणली तर ताठ जागेवर ती बेअरिंगांवर ओढ घेते. कोरड्या क्लचच्या गाड्या, उदाहरणार्थ डुकाटीची अनेक जुनी मॉडेल्स, क्लच दाबल्यावर खणखणतात. तिथे प्लेटमध्ये आवाज गिळायला ऑइलच नाही, त्यामुळे तो आवाज त्या रचनेचाच आहे. सरळ दातांचे प्रायमरी गिअरही तिरक्या दातांपेक्षा जास्त गातात.

गाडी चालवत राहावी की नाही, हे आवाजाच्या वाढीवर ठरवा. महिनोन्महिने तशीच असलेली खडखड वाट बघू शकते. एका फेरीत अचानक वाढलेला धातूचा ठोका, ऑइलमध्ये स्टीलचे तुकडे, किंवा क्लच मध्येच अडकणं, यातलं काही झालं तर गाडी ढकलत किंवा टेम्पोत घालून न्या. मोडलेल्या स्प्रिंगचा तुकडा प्रायमरीच्या दातांत गेला तर चालत्या गाडीचं इंजिन जाम होऊ शकतं.

तुमच्यासाठी क्रम असा: आयडलिंग, ऑइल, केबल. मग गरम इंजिनावर तिन्ही स्थितींची चाचणी. मग आयडलिंग तात्पुरतं वाढवून बघणं, आणि वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने अॅक्सिलरेटर देऊन-सोडून बघणं. पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून ब्रेक धरल्यावर काय ऐकू आलं, ते मला नक्की कळवा. तिथे पूर्ण शांतता असेल आणि आरपीएम वाढवल्यावर खडखड विरत असेल, तर कव्हर खोलण्याची घाई नाही. पुढच्या ऑइल बदलापर्यंत थांबा आणि तेव्हा चुंबक फिरवा. तिथे आवाज वाढत असेल तर हाउसिंगचं बुश आधी पाहू, आणि मग मेकॅनिककडे जाताना ‘क्लच प्लेट बदला’ असं न सांगता ‘कव्हर खोलून हाउसिंगचा प्ले माझ्यासमोर दाखवा’ असं सांगा.